काचेच्या पुलावरचा पाला

सेंट पॉल
८ जानेवारी

प्रिय पाकू,

आपली आई आपल्याला न येणाऱ्या भाषेत कुणा परक्या मुलीशी पोट धरून हसताना दिसली, तर पुढे होऊन हाक मारायची, की मागच्या पावली परत फिरायचं? मला याचं उत्तर येत नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून सगळे मला हवं ते विचारतात, करांचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या. हे विचारायला मला कुणी नाही, म्हणून तुला लिहिते. फोन करत नाही, कारण तुझा फोन म्हणजे तुझ्या सासरचा लाउडस्पीकर.

माझं काम तुला माहीत आहे. साथीत गावातली ऑफिसं घरी गेली ती निम्मी परत आलीच नाहीत. इमारतींना जोडणारे आपले काचेचे पूल आणि मधले लांबच लांब गालिच्याचे बोळ उघडे आणि गरम ठेवणं मालकांना जड जातंय. कुठले पूल ठेवावेत, कुठले बंद करावेत, याचा अहवाल आमची संस्था करते आहे. त्यासाठी मी डिसेंबरपासून रोज दुपारी चालते. शिंप्याचं दुकान बंद, मोजपट्टी मात्र खिडकीत तशीच. चष्म्याच्या दुकानात नुसती प्लास्टिकची नाकं. खाली रस्त्यावर हाडं गोठवणारी थंडी आणि वर मी साध्या ब्लाउजवर, कोट ऑफिसात टांगून. मला हे पूल आवडतात. थंडीत माणसाला फुकट, उबेत, 'काय हवंय' असं कुणी न विचारता चालता यावं, ही शहराची माणुसकी आहे असं मी मानते. हसलीस तर हस.

आईची साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. बर्फावर घसरेल म्हणून नोव्हेंबरात मीच तिला इथे आणलं. बस कुठे सोडते, कुठला जिना, कुठलं दार ढकलायचं आणि कुठलं ओढायचं, सगळं मी दाखवलं. दर शनिवारी दोघींनी चालायचं ठरलं. दोन शनिवार चाललो. तिसऱ्या शनिवारी म्हणाली, "तू झोप. आठवडाभर चालतेसच की." मला वाटलं, माझी काळजी करते.

परवा मी सकाळीच कामावर गेले. बंद डिपार्टमेंट स्टोअरकडे जाणाऱ्या पुलावर आई बसली होती, आणि शेजारी निळ्या डगल्यातली साफसफाईवाली मुलगी. गळ्यातल्या पट्ट्यावर नाव होतं, नॉ वाह. करेन जमातीची असणार. आपली माणसं लाओसमधून पळाली तशी ब्रह्मदेशातून पळालेली, आणि आपल्या आईसारखीच थायलंडच्या छावणीत वाढलेली. म्हणून दोघी थाईत बोलत होत्या. आई थाईत इतकं हसते हे मला पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं. मग तिने थर्मासच्या झाकणात मोहरीच्या पाल्याचं पाणी ओतलं, चिकट भाताचा गोळा मोडला आणि मोठा अर्धा तिला दिला. मोठा अर्धा, पाकू. लहानपणी तो तुला मिळायचा. मला कधीच नाही.

मी शिंप्याच्या दुकानाआड उभी राहिले, आणि मागे फिरले.

संध्याकाळी विचारलं, "आज कुठे होतीस?"
"चालायला."
"कुणाबरोबर?"
"पायांबरोबर."

तूच सांग काय करू.

शुआ

⁂

फ्रेझ्नो
१७ जानेवारी

शुआ,

पत्र गाडीत बसून वाचलं. घरात सगळ्यांना वाटतंय मी तांदूळ आणायला गेलेय. लवकर लिहिते.

आधी एक. मी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी. "प्रिय पाकू" म्हणे. एवढी शिकलीस, ताई म्हणायला कुणी शिकवलं नाही वाटतं.

दुसरं. मोठा अर्धा मला मिळायचा, कारण पहाटे उठून तो भात मी वाफवलेला असायचा. तू दिवा लावून परीक्षेचं वाचत बसायचीस आणि तुझी आई, माझी मोठी आई, मला म्हणायची, हळू गं, भांडी वाजवू नकोस, शुआचा अभ्यास आहे. तुझ्या पदवीच्या समारंभात तू टोपी घालून फोटो काढलास. त्या टोपीत थोडा माझा भात आहे. विसरू नकोस एवढंच.

आणि आता तुझ्या दुखण्याचं. आई कुणाशी हसते याचं दुःख तुला परवडतं, कारण आई तुझी आहे. माझे बाबा गेले, माझी आई दुसरं लग्न करून दुसऱ्या कुळात गेली आणि मी तुमच्या कुळाची म्हणून काकाकडे राहिले. नऊ वर्षांची. मोठ्या आईने मला काही कमी केलं नाही. तेच टोचायचं. आपल्या पोरीवर माणूस ओरडतं. तुझ्यावर किती ओरडायची ती. माझ्यावर एकदाही नाही. तुला वाटायचं मी लाडकी. मला वाटायचं मी पाहुणी.

तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. माझा पोरगा झाला तेव्हा महिनाभर मला रीतीप्रमाणे कोंबडीचं पाणी मिळालं, बाळंतिणीचा पाला घालून. पाला सासूबाईंच्या अंगणातला. रोज वाडगा ठेवताना त्या म्हणायच्या, "तुझ्या माहेरून मुळं नाही का गं आली? असू दे. आमचं अंगण मोठं आहे." पाल्याची मुळं आई लेकीला लावायला देते. पुतणीला द्यायची रीत नाही. मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

तेव्हा त्या निळ्या डगल्याचं काय ते नीट बघ. मोठी आई नुसतं हसायला बसने जात नाही. तिला हाताला काम लागतं. मागोमाग जा आणि मला कळव. मलाही जाणून घ्यायचंय, माझ्या जागेवर कोण बसलंय ते.

पाकू (ताई)

⁂

सेंट पॉल
२७ जानेवारी

पाकू,

बघितलं. न बघते तर बरं झालं असतं.

तुला माझ्या पहिल्या पगारातून आईला घेतलेला कोट आठवतो? जांभळा, टोपीला लोकर असलेला. आईने तो घालून सगळ्या कुळाला दाखवला होता. आठ-दहा दिवस झाले, ती कारखान्यातला जुना करडा कोट घालून जाते.

"आई, जांभळा कोट कुठे आहे?"
"धुवायला टाकलाय."
"इतके दिवस?"
"मोठा कोट आहे."

काल संध्याकाळी मी एकटी त्या पुलावर गेले. ऑफिसं सुटली होती. एका बाजूची इमारत निम्मी रिकामी, दुसऱ्या बाजूला बंद स्टोअर, मधे पूल. पुलाच्या काचेखाली सिमेंटचा लांब हौदा आहे. त्यात प्लास्टिकचे नेचे लावलेले, धुळीने पांढरे झालेले. नेच्यांवर माझा कोट पांघरलेला होता, पोराला पांघरावा तसा, कडा आत खोचून.

कोट उचलला आणि वास आला. तो वास मी कुठेही ओळखेन. नेचे नुसते वर, कुंपणासारखे. खाली खरी माती, आणि मातीत आपला पाला. खालून जांभळ्या पानांचा, तो बदकाच्या पायासारख्या पानांचा, तो लहान गोल जाड पानांचा. बाळंतिणीच्या कोंबडीत जो जो पडतो तो सगळा. बाहेर रस्त्यावर धुरासारखा श्वास निघतोय आणि इथे काचेतून आलेल्या उन्हावर आपल्या पणजीची मुळं फुटली आहेत.

क्षणभर मला इतका अभिमान वाटला. मग आज सकाळी परत गेले आणि नॉ वाहला समोरून बघितलं. ती पाण्याची बादली घेऊन हौद्याशी वाकली होती. डगल्याची खालची बटणं लागत नव्हती. सातवा महिना तरी असेल.

म्हणजे पाला तिच्यासाठी. कोट तिच्या पाल्यासाठी. माझं लग्न झालेलं नाही, ठीक आहे, मला आत्ता नकोच. पण तुला मिळाली नाहीत ती मुळं, माझी वाट बघतील असं मी समजत होते ती मुळं, आईने एका पुलावर भेटलेल्या मुलीला दिली.

मला तिचा राग यावा असं काही तिने केलेलं नाही. मला बघून तिने मान लववली आणि म्हणाली, "तुम्ही तिची ऑफिसातली मुलगी ना? ती रोज तुमचं सांगते." काय सांगते ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर आवडलं असतं, आणि मला तिचं काही आवडायला नको होतं.

आणखी एक आहे. माझ्या अहवालात हा पूल मेलेला आहे. आम्ही माणसं बघतो ती जेवणाच्या सुट्टीत, आणि त्या वेळी इकडे चिटपाखरू नसतं. शिफारस अजून मी लिहिलेली नाही. ते पान मी रोज उघडते आणि बंद करते.

शुआ

⁂

फ्रेझ्नो
४ फेब्रुवारी

शुआ,

त्यात काय उघडायचं आणि बंद करायचं. माणसं जात नाहीत तर जात नाहीत असं लिही. खोटं थोडंच आहे. तूच म्हणायचीस ना, आकडे कुणाचे नातेवाईक नसतात.

ती मुळं लाओसच्या डोंगरातून आली. आजीने ती पोटाशी बांधून नदी ओलांडली, छावणीत तेलाच्या डब्यात जगवली. ती आपल्या बायकांची आहेत. ज्यांना मिळायची त्यांना मिळाली नाहीत, आणि भांडी-फरशी करणाऱ्या कुणा पोरीला आयती.

बंद करून टाक तो पूल.

पाकू

हे पत्र जाळ.

⁂

सेंट पॉल
१३ फेब्रुवारी

पाकू,

जाळलं नाही. आपल्याला धुराचा भोंगा वाजायची भीती.

सोमवारी मी लिहिलं, "हा पूल उन्हाळ्यापर्यंत वाट न बघता बंद करावा." आमच्या प्रमुख सोल्वेगबाईंना पाठवूनही दिलं. खोटा शब्द एक नाही त्यात. तरी पाठवताना मला कुणी बघतंय का म्हणून मी मागे वळून बघितलं.

बुधवारी जेवताना आई म्हणाली, "तुझ्या ऑफिसात पुलांचं ठरतं ना?"
"ठरवतात मालक. आम्ही सुचवतो."
"मग सुचव. स्टोअरकडचा पूल गार पडत चाललाय. रात्री काचेला आतून बर्फ धरतं."
"तिथे कोण जातं?"
"मी जाते. मी कुणीच नाही का?"

मी चमचा खाली ठेवला. म्हटलं, "आई, मी पाला बघितलाय. माझा कोटही."

मला वाटलं, ओशाळेल. ती म्हणाली, "मग पाणी घालून यायचं होतंस."

मग मी सगळं बोलले. पुलावरच का, तिला घरी का नाही बोलवत, तिच्या घरी का नाही जात. आई मला लहान मुलाला सांगतात तसं सांगू लागली. नॉ वाहचा नवरा लांबच्या गावी मांसाच्या कारखान्यात. ती एका खोलीत पाचजणींबरोबर राहते, चूल वाट्याने मिळते. बाळ झाल्यावर पंधरा दिवसांत ती कामावर परतणार, नाहीतर काम जाईल. "आणि बाळंतिणीने महिनाभर दुसऱ्याच्या उंबऱ्यात पाऊल टाकायचं नसतं, घरचे देव दुखावतात. ती आपल्यातली नसली तरी आपले देव आपलेच ना? मग मी तिला कोंबडीचं पाणी कुठे पाजू? पूल बरा. तो ह्या इमारतीचा नाही, त्या इमारतीचा नाही. खाली जमीनसुद्धा नाही. तिथे कोण देव रागवणार?"

पाकू, चार वर्षं मी नगररचना शिकले. पुलाचं असं कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या वेळी मला ते ऐकायचं नव्हतं. मी म्हटलं, "परकीला एवढं करतेस. पाकूला मुळं दिली नाहीस."

आईने हातातला घास परत ताटलीत ठेवला.

"पाकूला?" ती म्हणाली. "अर्धी मुळं काढून दिली मी तिला. पोराच्या वेळी. तुझा चेरपाओ काका नववर्षाला तिकडे गाडीने जात होता, त्याच्या हातात दिली ओल्या फडक्यात बांधून. मिळाली एवढं कळवायला त्या पोरीला एक शब्द जड झाला. दोन वर्षं. उरलेली आपल्या खिडकीत ऊन नाही म्हणून मरत आली होती, ती मी पुलावर नेली." मग ताटली उचलत म्हणाली, "पोरी सासरी गेल्या की मोठ्या होतात."

तेव्हा आता तू मला सांग. तुला मुळं मिळाली होती, तीही पोटच्या मुलीसारखी, माझ्या आधी. आणि तू मला लिहिलंस, पुतणीला द्यायची रीत नाही. तुझी कीव येऊन मी रडले होते. तुझ्या शब्दावर मी तो पूल बंद करायला लिहिलं.

शुआ

⁂

फ्रेझ्नो
२१ फेब्रुवारी

शुआ,

मला काहीही मिळालं नाही.

तुझं पत्र मी कपाटात बसून वाचलं. खरंच, कपडे टांगतात त्यात. पुन्हा वाचलं. अर्धी मुळं. मोजून अर्धी.

चेरपाओ काका आले होते. दोन दिवस राहिले, डुक्कर कापलं, दारू प्यायले, पोराच्या मनगटाला धागा बांधला. मुळांचं नाव काढलं नाही. जाताना मला म्हणाले, "तुझ्या मोठ्या आईला फोन करत जा गं." मला वाटलं, उपदेश.

मी खोटं लिहिलेलं नाही. लपवलं मात्र आहे. मला परत दिवस गेलेत. मार्चच्या शेवटी. तुमच्याकडे कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर परत वाट बघावी लागली असती. पहिल्या वेळी रोज टपालाच्या पेटीत बघून आले होते. पार पोर रांगायला लागेपर्यंत.

आता मला कळत नाही मी कुणाचा राग करू. दोन वर्षं मी मोठ्या आईचा केला. महिनाभर त्या निळ्या डगल्याचा केला. तुझा तर लहानपणापासून करते, त्याची सवय आहे.

तिच्या पोटाला किती महिने झाले म्हणालीस? म्हणजे माझ्याच पुढेमागे. तिलाही कुणी नाही. आई कुठाय तिची?

पुलाचं मी लिहिलं होतं ते झालं का? झालं असेल तर मला कळवू नकोस.

पाकू

⁂

सेंट पॉल
२५ मार्च

प्रिय पाकूताई,

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा आई तुझ्या स्वयंपाकघरात असेल, म्हणून तुला बातमी अशी काही नाही. पण ती अर्धंच सांगेल आणि ते मोठं अर्धं नसेल.

तुझं पत्र आलं त्याच रविवारी मी चेरपाओ काकांना गाठलं. मंडईत पपईचं सॅलड खात बसले होते.

"काका, पाकूताईसाठी मुळं नेली होतीत ना?"

काका ताटलीत मिरची शोधायला लागले.

"काका."
"तिकडे तिच्या कॅलिफोर्नियाच्या हद्दीवर गाडी थांबवतात," ते म्हणाले. "विचारलं, फळं, झाडं, माती काही आहे? मी म्हटलं नाही. तपासणीवाली पोरगी खिडकीतून आत वाकली. तुला ठाऊक आहे ना तो वास? तो लपतो का?"
"मग?"
"मग काय. मी म्हटलं औषध आहे. ती म्हणाली, माती लागलीय. फार गोड बोलली हो. घेतली आणि डब्यात टाकली."
"आणि आईला सांगितलंत, दिली म्हणून."
"वहिनीला काय सांगू? बापाच्या पाठीवर बसून मेकाँग नदी ओलांडली आणि हायवेवरच्या एका टपरीपाशी हरलो, असं? पुढच्या वर्षी परत नेऊ म्हटलं. पुढच्या वर्षी वहिनीनं दिलीच नाहीत. मला वाटलं, तिला कळलं."

मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं, तुला दिवस गेलेत तेही. रागवायचं तर राग. तिने निवडायचा तांदूळ बाजूला सारला. मग म्हणाली, "दोन वर्षं मी त्या पोरीवर रुसले. आणि ती पेटीत बघत होती." आणि उठून ओलं फडकं शोधायला लागली. म्हटलं, आई, परत घेतील. ती म्हणाली, "मग पोटाशी बांधून नेऊ." आजीची सून शोभते.

दुसऱ्या दिवशी मी सोल्वेगबाईंकडे गेले. सांगितलं, त्या पुलाबद्दल मी लिहिलं ते मागे घ्यायचंय. आम्ही दुपारी बघतो, आणि तिथली माणसं सकाळची आहेत. त्या म्हणाल्या, "बरं. हे जरा वेगळं आहे." इथली माणसं "जरा वेगळं" म्हणाली की समजायचं, अजिबात आवडलेलं नाही. मी पुढचे आठ दिवस पहाटेच्या बसने आईबरोबर गेले आणि पुलाच्या तोंडाशी उभी राहिले. वरच्या उंच इमारतींतले म्हातारं कोरियन जोडपं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला एक नॉर्वेजियन आजोबा काठी टेकत, सोमाली बायका घोळक्याने, सगळे कोटाशिवाय. दारं उघडल्या उघडल्या येतात आणि ऑफिसची माणसं यायच्या आत निघून जातात. मी हे सगळं लिहून दिलं. हौद्याचं लिहिलं नाही. बर्फ वितळेपर्यंत पूल गरम ठेवायचं ठरलं. पुढच्या हिवाळ्याचं पुढच्या हिवाळ्यात भांडेन.

त्या आठ दिवसांत मी त्या दोघींच्या शेजारी बसायचे. त्या थाईत बोलायच्या, हसायच्या, मला कळायचं नाही. मला अजून आत कुठेतरी जळतं, तुला खोटं सांगणार नाही. एकदा मी नॉ वाहला विचारलंच, आई माझ्याबद्दल काय सांगते. ती म्हणाली, "सांगते की तुम्ही लहानपणी चालताना वाचायच्या आणि खांबाला आपटायच्या. आणि एक दुसरी मुलगी आहे, लांब. ती कधी आपटायची नाही, म्हणून तिला जवळ घ्यायला निमित्तच सापडायचं नाही. हे सांगताना तिला हसू येत नाही." तुझी आई कुठे आहे, असंही मी विचारलं. तूच विचारलं होतंस. छावणीतच आहे. अजून.

तिला पाच मार्चला मुलगी झाली. आई तिच्या खोलीच्या दाराशी थर्मास पोचवायची, आणि एकोणीस तारखेपासून, ती बादली घेऊन परत कामावर आल्यापासून, पुलावर. पाल्याची खुडणी सुरू झाली. गोल जाड पानांचा पाला कमी उरलाय, तो मी जपून घालते.

मी घालते असं लिहिलं, कारण आता मीच घालते.

ते असं झालं. आई फडकं ओलं करायची, वाळवायची, परत ओलं करायची. मुळं हद्द ओलांडू शकत नाहीत याचं तिला काही उत्तर सापडेना. एका संध्याकाळी मला सुचलं की मुळं अडवतात, आईला कुणी अडवत नाही. तुझ्या सासूबाईंचं अंगण मोठं आहे, पाला तिकडे आहेच. तिकडे नाहीत ते आपल्या आईचे हात.

हे सुचलं आणि मी दोन दिवस बोलले नाही. खरं सांगते. ही माझी आई. हिवाळाभर मी तिच्यासाठी एका पोटुशीशी मनातल्या मनात भांडले, आणि आता तिला महिनाभर तुला देऊन टाकायची? तुला मोठा अर्धा मिळायचा, आता अख्खीच? मग एका सकाळी आई पुलावर कोटाच्या कडा खोचत होती, मी तिकीट काढलं आणि मग तिला सांगितलं. आधी सांगितलं असतं तर ती नाही म्हणाली असती आणि मीही तेवढ्यावर थांबले असते.

"आणि नॉ वाह?" तिने विचारलं.
"मी करीन कोंबडी."
"तू?" ती म्हणाली. "तू पाणी करपवतेस."

चार दिवस शिकवलं. आल्याशिवाय, तिखटाशिवाय, लिंबू वर्ज्य, पाला शेवटी. पहिल्या दिवशी भात खाली लागला आणि ती माझ्यावर अशी ओरडली की शेजारच्यांनी भिंत ठोकली. तेव्हा मला तुझं आठवलं. म्हटलं, "आई, तिकडे गेलीस की पाकूताईवर एकदा ओरड."

"कशाला? तिने काय केलंय?"
"दोन वर्षं गप्प बसली. विचारलं नाही."

आईने विचार केला. "हां," म्हणाली, "त्याबद्दल ओरडते."

तर तयार राहा.

आज सकाळी तिला विमानात बसवून आले. जांभळा कोट तिने नेला नाही, पाल्याला थंडी वाजेल म्हणाली. खिडकीची जागा मिळाली. मागे वळून बघितलं नाही तिने, पिशवी घट्ट धरून सरळ गेली. मी मात्र बराच वेळ उभी होते.

तिथून तशीच पुलावर आले. थर्मास माझ्या खांद्याला होता. नॉ वाह नेहमीच्या जागी बसली होती, बादली पायाशी. मला एकटीला बघून तिने माझ्या मागे पाहिलं, आई येतेय का म्हणून. मग थोडी सरकली. मी बसले, झाकणात पाणी ओतलं, आणि भाताचा गोळा मोडला. सारखा नाही मोडला गेला.

मोठा अर्धा तिला दिला.

शुआ